जुने मेण उतरविताना



दसरा जवळ आला की आमच्या सांगलीच्या घरात दरवर्षी एक प्रश्न निघतो : अण्णांच्या गाडीचे काय करावयाचे? ही प्रीमियर पद्मिनी त्यांनी १९७८ साली हळदीच्या पेढीसाठी घेतली. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील ही गाडी. ‘आपल्या माणसाची गाडी’ असे अण्णा पाहुण्यांना आवर्जून सांगत.

यंदा धाकट्या बंधूंनी स्पष्टच सांगितले, “दादा, रंग मेला आहे. सगळा खरवडून नवा मारून घेऊ.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गडद निळा रंग राखेसारखा झाला होता आणि सांध्यांच्या फटींत पांढरट पुटे साचली होती. परंतु चालकाच्या बाजूच्या दारावर, खिडकीखाली, अण्णांचे कोपर टेकून टेकून रंग विरळ झालेला आहे. नवा रंग दिला म्हणजे ती खूण गेली. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

दोष रंगाचा नव्हता, आमचा होता. अण्णांच्या पश्चात प्रत्येक दसऱ्याला आम्ही जुन्या मेणावरच नवे मेण चोपडीत आलो. मेणाचे थर वाढविल्याने संरक्षण वाढत नाही. मध्ये धूळ अडकते आणि चकाकी मंदावते. मागील बाकी न मिटविता नवे खाते उघडावे, तसेच हे.

प्रथम गाडी सावलीत, पत्रा गार असताना धुतली. एका बालदीत साबणाचे पाणी आणि दुसरीत हात विसळण्यासाठी साधे पाणी घेतले, म्हणजे कापडातील खडा पुन्हा रंगावर ओरखडा उठवीत नाही. मग डिकीच्या झाकणाच्या आतील कडेवर मिनरल टर्पेंटाइनची चाचणी घेतली. जुना रंग कोणता द्राव सोसेल हे आधीच सांगता येत नाही. लॅकर प्रकारचा रंग मऊ पडण्याचा धोका असतो. आमचा रंग टिकला. तेव्हा मोकळ्या हवेत, जवळपास ज्योत नाही याची खात्री करून, ओलसर कापडाने हातभर जागा पुसावयाची आणि लगेच कोरडी करावयाची, असा क्रम ठेवला. फटींतील पुटे मऊ दातांच्या ब्रशाने काढली. शेवटी तेलकटपणा जावा म्हणून पुन्हा साबणाने धुतले. मेण उतरल्याची खूण सोपी आहे : मेणावर पाण्याचे मोती होतात, मेण गेले की पाणी सपाट पसरते.

त्यानंतर बारीक पॉलिश घेतले. कापड निळे झाले आणि माझ्या छातीत धस्स झाले! पण त्या काळच्या अशा एकरंगी गाड्यांवर सहसा वरचा पारदर्शक लेप नसे. त्यामुळे मेलेल्या रंगाचा थर कापडावर येणारच. चूक घडली ती पुढे. खालून गडद निळा उजळू लागला तसा हात अधिक जोरात चालू लागला आणि बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर नखाएवढा प्रायमर उघडा पडला. कडा आणि उंचवटे येथे रंग सर्वांत पातळ असतो, हे ठाऊक असूनही हे झाले. लोभ झाला, दुसरे काय! वाचकांनी तेथे कागदी चिकटपट्टी लावावी आणि दोनच हात कमी मारावेत. गेलेला रंग परत येत नाही.

आता आपल्या घरांतील एक खास प्रश्न. मोटारीच्या पुष्कळ मेणांत मधमाशीचे मेण मिसळलेले असते. जेथे मध वर्ज्य, तेथे हेही चालणार नाही; डबीवरील घटक वाचावेत, नाव नसेल तर उत्पादकाला विचारावे. कार्नोबा मेण मात्र वनस्पतिजन्य आहे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाची पाने वाळवून, झोडपून ते मिळवितात. ते सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, तर मधमाशीचे मेण ६० अंशांच्या थोडे पुढे. ‘कार्नोबा’ असे ठळक लिहिलेल्या डबीतही दोन्हींचे मिश्रण असू शकते, हे ध्यानी ठेवावे. पुसण्यासाठी साबराचे कातडे किंवा लोकरीचे मोजेही नकोत. सुती किंवा मायक्रोफायबर कापड उत्तम काम देते.

मेण लावताना हात आखडता ठेवावा. बॉनेटचा अर्धा भाग घ्यावा, फडक्यावर बोटभर मेण घ्यावे, दिसेल न दिसेल असा थर द्यावा. रबर व प्लॅस्टिक यांपासून दूर राहावे. मेण धुरकट झाले की बोट ओढून पाहावे; स्वच्छ रेघ उमटली तर पुसावयास हरकत नाही, फराटे उठले तर थांबावे. दुसरा थर हवाच असेल तर तोही पातळ, पहिला नीट वाळल्यावर द्यावा. पुढील वर्षी मात्र आधी जुने उतरवावे, मगच नवे लावावे.

सातव्या दिवशी सायंकाळी धाकटे बंधू पेढीवरून आले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, बॉनेटवरील तो नखाएवढा डाग पाहिला, पण काही बोलले नाहीत. मग चालकाच्या जागी बसून त्यांनी कोपर खिडकीत टेकविले. बराच वेळ तसेच बसून राहिले. उतरताना एवढेच म्हणाले, “दादा, दारे उद्या मी पुसतो. कापड कोणते घ्यावयाचे ते तेवढे सांगा.”