‘तू स्कोअर लिही रे!’

आमच्या मुळशीतल्या शाळेत पीटीचा तास म्हणजे नुसता दंगा. कबड्डी, खो-खो आणि पावसाळ्यात चिखलातला फुटबॉल. वर्गातला एक जण मात्र कायम कडेला, हातात वही घेऊन. लहानपणी त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. ‘तू स्कोअर लिही रे,’ सर प्रेमानंच म्हणायचे. दहावीपर्यंत त्यानं स्कोअरच लिहिला. त्याला किती पळता येईल हे डॉक्टरांना विचारावं, असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

हृदय प्रत्यारोपण झालेल्या मुलांबद्दल वाचताना तो आठवला. त्याचं फक्त ऑपरेशन होतं, या मुलांचं तर अख्खं हृदयच दुसऱ्याचं. मग यांना कोण पळू देणार?

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातल्या दात्याचं हृदय विमानानं मुंबईला गेलं, मुलुंडच्या रुग्णालयात बसवलं गेलं आणि ‘ग्रीन कॉरिडॉर’ हा शब्द आपल्या ओळखीचा झाला. म्हणजे सिग्नल थांबवून हृदय पोचवायला आपण शिकलो. ते ज्याला मिळालं त्याला मैदानावर पोचवायला कधी शिकणार?

आता थोडं सायन्स. प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे मेंदूशी असलेली त्याची थेट लाइन तुटते. आपण पळायला लागलो की ठोके लगेच वाढतात. या मुलांच्या हृदयाला मात्र निरोप जणू पोस्टानं येतो, रक्तातल्या अॅड्रिनलिनमार्फत. म्हणून ठोके उशिरा वाढतात आणि थांबल्यावर उशिराच उतरतात. बसलेलं असतानाही ते आपल्यापेक्षा जोरात पडत असतात. शिवाय आजारपणात महिनोन् महिने अंथरुणात काढल्यानं पायातली ताकद गेलेली असते, स्टेरॉइडनं स्नायू आणखी अशक्त होतात. म्हणूनच इकोचा रिपोर्ट चांगला असूनही मूल जिन्यावर धापा टाकू शकतं. जोरदार व्यायामात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं हे मोजलं, तर ही मुलं सरासरी निरोगी मुलांच्या ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जातात.

पण हा आकडा काही कायमचा शिक्का नाही. काही मुलांत नसा हळूहळू, थोड्याफार प्रमाणात पुन्हा जुळतात. आणि देखरेखीखाली नियमित व्यायाम केला तर दम वाढतो. नुसतं बसवून ठेवलं तर उरलेली ताकदही जाते. प्रत्यारोपण झालेल्यांसाठी १९७८ पासून जागतिक स्पर्धा भरतात, त्यात लहान मुलंही पळतात.

आईबापांची भीती खोटी नाही. पोर मरणाच्या दारातून परत आलेलं असतं. मुळात नसा तुटल्यामुळे छातीत कळ येऊन मिळणारा इशाराही या मुलांना मिळेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांची परवानगी हवीच. आधी दहा-पंधरा मिनिटं सावकाश वॉर्मअप हवा आणि शेवटी एकदम न थांबता हळूहळू चालणं हवं. जास्त थकवा, धाप किंवा चक्कर आली की लगेच थांबायचं. पण हे सगळं पीटीच्या सरांना एका कागदावर लिहून देता येतं. त्यासाठी मुलाला वर्षानुवर्षं कडेला बसवायची गरज नाही.

आपल्यातले कित्येक जण उद्या शिक्षक होतील, कोच होतील, नाहीतर गल्लीतल्या टीमचे कॅप्टन तर आहेतच. असं मूल समोर आलं तर आधी त्याच्या डॉक्टरांचं म्हणणं विचारा. त्यांनी हो म्हटलं, तर त्याला पाच मिनिटं आधी वॉर्मअपला बोलवा आणि मग टीममध्ये घ्या. ज्या घरानं आपलं माणूस गमावताना हृदय दिलं, त्यांनी ते काही बाकावर बसायला दिलेलं नाही.

आणि स्कोअर? तो आळीपाळीनं सगळ्यांनीच लिहूया.