अंदाजाचा धंदा आणि मापाचा धंदा

धंद्याच्या पानावर खाण्यापिण्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण आपल्या बांधवांपैकी किती जणांचे घर भटारखाना, बेकरी, खानावळ किंवा कबाबाच्या गाडीवर चालते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. ही गोष्ट त्यांच्यासाठी आहे, आणि हाताने काम करणाऱ्या प्रत्येक कारागिरासाठीही आहे.

दुबईत नोकरीला असलेल्या आमच्या एका नातेवाइकाने आम्हाला एका तैवानी उपाहारगृहात जेवायला नेले. नाव ‘दिन ताई फंग’. मूळ दुकान तैवानची राजधानी तैपेई येथले. दुबईत त्यांची शाखा २०१५ साली निघाली. पंचतारांकित थाट काही नाही. नंबर घ्यायचा, बाहेर थांबायचे, हाक आली की आत जायचे. शेजारच्या टेबलावर लेकुरवाळी कुटुंबे, पलीकडे दुकानांतली नोकरमंडळी. थोड्या वेळाने वाफाळती बांबूची टोपली समोर आली. तिच्यात उकडीच्या मोदकाच्या लहान भावासारखे दिसणारे, पातळ पारीचे पदार्थ. त्यांना शियावलाँगबाव म्हणतात. आत खिमा, आणि खिम्याभोवती चक्क गरम रस्सा!

खाण्याचीही एक रीत आहे. बारीक चिरलेल्या आल्यावर शिरका आणि थोडा सोया सॉस घालायचा. एक नग हळूच उचलून त्यात बुडवायचा, चिनी मातीच्या चमच्यात ठेवायचा, पारीला लहानसे भोक पाडायचे, रस्सा चमच्यात उतरू द्यायचा. आधी रस्सा प्यायचा, मग बाकीचे तोंडात. आम्ही पहिलाच नग घाईने अख्खा तोंडात टाकला आणि जीभ भाजून घेतली.

पारीत रस्सा शिरला कसा? उत्तर आपल्या घरातच आहे. रात्री शिजवलेला पाया थंडीत सकाळपर्यंत कसा थिजतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. तीच युक्ती. कातडे, हाडे, पाय उकळून केलेला रस्सा गार करून थिजवतात, तो बारीक करून खिम्यात मिसळतात आणि पारीत भरतात. वाफेवर तो पुन्हा वितळतो. येथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. मूळ पदार्थात खिमा डुकराचा असतो आणि थिजवलेला रस्साही बहुधा त्याच्याच कातड्याचा. तैपेईच्या दुकानातही डुकराचे मांस वापरतात. दुबईत आम्ही बसण्यापूर्वीच विचारले. येथे डुकराचे काही नाही, सर्व हलाल आहे, असे सांगितल्यावर कोंबडीच्या खिम्याचे मागवले. म्हणून पाटीवरचे नाव तेच आहे एवढ्यावर विसंबू नये. परदेशात खिमा कशाचा हे विचारून भागत नाही. रस्सा कशाचा आणि त्यात दारू घातली आहे काय, हेही विचारावे.

आता मूळ मुद्दा. या दुकानाचे संस्थापक यांग बिंग-यी हे चीनच्या शान्सी प्रांतात जन्मलेले. १९४८ साली तरुणपणी तैवानला आले आणि एका तेलाच्या दुकानात माल पोहोचवण्याचे काम करू लागले. पुढे ते दुकान बुडाले. १९५८ साली पतिपत्नीने स्वतःचा तेलाचा व्यापार मांडला. तोही काही वर्षे बरा चालला. मग बाजारात डबाबंद तेल आले आणि सुट्या तेलाचे गिऱ्हाईक तुटले. आपल्याकडच्या किराणावाल्यांना पाकीटबंद तेलाने हेच दिवस दाखवले आहेत. यांग यांनी १९७२ च्या सुमारास एका मित्राच्या सल्ल्याने अर्धे दुकान तेलाला ठेवले आणि अर्ध्यात हा पदार्थ विकायला घेतला. लवकरच तेल बंद झाले आणि खाद्यपदार्थ तेवढे राहिले. १९९३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जगातल्या दहा उत्तम उपाहारगृहांत त्यांचे नाव घेतले. १९९६ साली टोकियोत पहिली परदेशी शाखा निघाली. २०२३ साली यांग वारले तेव्हा त्यांच्या शाखा अनेक देशांत पसरल्या होत्या.

हा पदार्थ काही त्यांनी शोधून काढलेला नाही. तो शांघायजवळच्या नानशियांगचा म्हणून ओळखला जातो. तैपेईत तो करणारे इतरही होते. मग यांनी वेगळे काय केले? त्यांनी अंदाज सोडला आणि माप धरले. पारीची लाटी ५ ग्रॅम, सारण १६ ग्रॅम, एकूण २१ ग्रॅम. पारीला चुण्या १८. जेवण येईपर्यंत आम्ही काचेपलीकडचा भटारखाना पाहत उभे होतो. एक जण लाटी तोडून तराजूवर ठेवतो, दुसरा लाटतो, तिसरा सारण भरतो, चौथा चुण्या पाडतो. सारे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. काच लावणे म्हणजे ‘आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे न बोलता सांगणे आहे. आपल्या किती हॉटेलांना गिऱ्हाइकाला भटारखान्यात डोकावू देण्याची हिंमत होईल?

आमच्या ओळखीची एक खानावळ होती. तिची बिर्याणी खायला लोक लांबून येत. सारा खेळ एका उस्तादाच्या मुठीत होता. मीठ मुठीने, मसाला मुठीने. विचारले तर ‘अंदाजाने घालतो’ एवढेच उत्तर. उस्ताद आखातात गेले. मालकाने दुसरा माणूस आणला, तिसरा आणला. चव आली नाही. दोन वर्षांत खानावळीला कुलूप लागले. भांडवल होते, जागा होती, गिऱ्हाईक होते. लिहून ठेवलेले माप मात्र नव्हते.

यावर आमचे कारागीर बंधू म्हणतील, हुनर तराजूत मावत नाही. खरे आहे. पीठ किती मळावे, पारी कडेला किती पातळ असावी, हे हातच सांगतो, आणि त्या काचेपलीकडच्या पोरांनाही ते महिनोन्‌महिने शिकावे लागते. पण तराजू उस्तादाला हटवायला ठेवलेला नाही. त्याची नजर चुकेल त्या दिवशी तो कामास येतो, आणि त्याचा शागीर्द लवकर तयार होतो. काहींना भीती वाटते की माप लिहिले तर शागीर्द उद्या समोरच दुकान थाटील. त्यांनी हे पाहावे की ५, १६ आणि १८ हे आकडे आज जगाला ठाऊक आहेत, तरी त्या दुकानासमोरची रांग हटलेली नाही. आकडा चोरता येतो. रोज तो पाळण्याची सवय चोरता येत नाही.

माप स्वयंपाकापुरते पुरत नाही, हेही याच नावाने दाखवून दिले आहे. २०२४ साली बीजिंग आणि उत्तर चीनमधल्या त्यांच्या १४ शाखा बंद करण्याचे जाहीर झाले. कारण चवीचे नव्हते. तिथला कारभार पाहणाऱ्या कंपनीच्या परवान्याची मुदत संपली आणि ती वाढवण्यावर संचालकांचे एकमत झाले नाही. शेकडो कामगारांच्या रोजीचा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे भावाभावांतली भागीदारी तोंडी असते, परवान्याच्या तारखा कोणाच्या ध्यानात नसतात. तोही अंदाजाचाच धंदा.

आमचे सांगणे थोडेच आहे. एक चांगला तराजू आणा. एक वही घाला. उस्तादांना मानाने शेजारी बसवा, ते जे मुठीने घालतात ते आधी तोलून पाहा आणि वहीत लिहा. शिंप्याने, सुताराने, बेकरीवाल्याने आपापल्या कामात हेच करावे. भागीदारीचा करार आणि परवान्याची तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. मापात खोट नसावी हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. ते आपण गिऱ्हाइकाला माल तोलून देताना पाळतो. आता माल घडवतानाही पाळायला हवे.