चिकाटी आणि हट्ट

मुलगा एकदां परीक्षेंत नापास झाला, कीं वडील मंडळी त्यास ‘चिकाटी धर’ म्हणून सांगतात. पण चिकाटी कोणती व हट्ट कोणता, हें सांगत नाहींत. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत येथें उपयोगी पडेल.

तळें सर्वांस खुलें करण्याचा नगरपालिकेचा १९२४ चा ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथें पाणी प्याले. त्यावर अनुयायांस मारहाण झाली, पुढें ठरावही मागें घेतला गेला. डिसेंबरांत मंडळी पुन्हां जमली, पण त्याआधींच न्यायालयाचा मनाईहुकूम निघाला होता. डॉक्टरांनीं तो पाळून सत्याग्रह तहकूब केला व न्यायालयांत लढा दिला. दावेकरी सवर्ण गृहस्थ १९३१ त हरले, १९३३ त अपिलांत हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयांतही हरले.

नऊ वर्षें दोन्ही पक्ष झगडले. एकानें मार्ग बदलला, पण न्याय्य ध्येय सोडलें नाहीं, ती चिकाटी. दुसऱ्यानें निकालांपासून कांहींच बोध घेतला नाहीं, तो हट्ट. त्या दावेकऱ्यांत आमच्याही समाजाचे लोक होते, हें मुलांपासून लपवूं नये, असें आम्हांस वाटतें.