वीतभर नमुना

पांढुर्णा-सौंसरकडचा शेतकरी सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी किती उगवले ते पाहतो. ते शंभर दाणे वाया गेले असे त्याला कोणी म्हणत नाही. त्याच घरातील गृहिणी नव्या धाग्याचा वीतभर तुकडा विणून पाहू लागली, की मात्र 'गुंडा फुकट घालवतेस' हे तिला ऐकावे लागते. हा न्याय मला मान्य नाही.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण घरात सुया हाती घेतल्या की मोजणी 'दोन सुलट, दोन उलट' अशी मराठीतच चालते. त्या हातांना लोकरीची सवय. लोकर ओढली तरी जागेवर परत येते आणि विणणारीचा सैल-घट्टपणा पोटात घालते. सुताला हा गुण नाही. मुलूख कपाशीचा असला तरी मागावरचे सूत निराळे, सुयांवरचे निराळे. सुती स्वेटर धुऊन दोरीवर टाकला, की पाण्याच्या भाराने लांबतो. ॲक्रिलिकवर तापलेली इस्त्री टेकली, तर वीण कायमची मरगळते. हल्ली या दोहोंचा एकत्र पिळलेला धागा दुकानात येतो. तो कोणाच्या वळणावर जाईल, हे बोटांनी चाचपून कसे कळावे? सौंसरजवळ बोरगावला १९९१ मध्ये रेमंडची गिरणी सुरू झाली. लोकर व पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड तेथे निघते. अशा गिरण्यांतही धागा तपासल्यावाचून मागावर चढत नाही.

हिशेब साधा आहे. वेष्टनावर १० सेंटिमीटरला २० टाके लिहिलेले असतात. त्यावर विसंबून १०० सेंटिमीटर छातीसाठी २०० टाके घातले, आणि हात घट्ट असल्याने त्याच १० सेंटिमीटरमध्ये २२ बसले, तर छाती ९१ भरते. म्हणजे साडेतीन इंच कमी! महिना-दीड महिन्याच्या संध्याकाळी त्यात गेलेल्या असतात. त्यांची मजुरी कोणी मोजत नाही, म्हणूनच गुंड्याची किंमत तेवढी डोळ्यांत भरते, असे मला वाटते.

नमुना १५ सेंटिमीटर चौरस असावा, ज्या नक्षीत स्वेटर व्हायचा तिच्यातच असावा, आणि कडा सोडून मधले टाके मोजावेत. तेही धुऊन, पसरून वाळवल्यानंतर. सुईवरून उतरताच केलेली मोजणी सुताच्या बाबतीत फसवी. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्यावी, कमी भरले तर बारीक.

गुंडे घेतानाच एक जादा घ्यावा, त्याच लॉटचा. पुढे तोच रंग पुन्हा मिळेलच असे नाही. नमुना उसवून धागा परत वापरता येतो हे खरे, पण केसाळ धागा गुंततो. मी तर म्हणेन, उसवूच नये. सुईचा नंबर कागदावर लिहून त्याला टाचावा आणि पेटीत ठेवावा.