‘घरचंच तर आहे, पैसे कसले?’

रमजानचा बाजार म्हटला की मशिदीजवळच्या हातगाड्या, खजुरांचे ढीग आणि मगरिबच्या अजानआधीची लगबग डोळ्यांसमोर येते. पण या महिन्यातला बराचसा बाजार रस्त्यावर दिसतच नाही. तो घराघरांत असतो. कुणी समोशाच्या पट्ट्या लाटून, तव्यावर अर्धवट शेकून देते. कुणी गच्चीवर शेवया वाळवते. कुणी शीरखुर्म्यासाठी बदाम-पिस्ते भिजवून, सोलून, कापून देते. कुणी दुपारी क्रोशाच्या टोप्या विणते. चाँदरातीला मेहंदी काढणाऱ्या मुलीला तर मान वर करायला सवड नसते. हे सगळे रोजा ठेवून आणि घरचा इफ्तार सांभाळून चालते.

एवढे करूनही या बायकांना कामाबद्दल विचारले, तर बहुतेकींचे उत्तर एकच असते, ‘काही नाही, घरीच असते.’ खरा प्रश्न इथेच आहे. हाताला चव आहे, बोटांत कसब आहे, गिऱ्हाईकही आहे. नाही तो फक्त या कष्टांना काम म्हणण्याचा रिवाज. ज्याला काम म्हटले जात नाही, त्याचा भाव ठरत नाही. मग ओळखीची बाई दोन किलो शेवया घेऊन जाताना सहज म्हणते, ‘भाभी, घरचंच तर आहे, पैसे कसले?’ तीच बाई मिठाईच्या दुकानात पाटीवरचा भाव निमूटपणे देते.

ही गोष्ट एका मोहल्ल्याची नाही. उन्हाळा लागला की गावोगावच्या गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे आणि शेवया वाळू लागतात. शेवयांचे यंत्र तेच, खाट तीच, वर टाकलेला जुना सुती कपडाही तोच. एका घरात त्यांची खीर होते, दुसऱ्या घरात शीरखुर्मा. दिवाळीच्या फराळाचेही पूर्वी असेच होते. चकल्या-करंज्या विकत आणणे म्हणजे घरच्या बाईचा कमीपणा मानला जाई. आज नोकरदार घरांतून फराळाच्या ऑर्डरी आधीपासून जातात, आणि करणाऱ्या काकूंना किलोचा भाव सांगताना संकोच वाटत नाही. फराळाने जी वाट काढली, तीच वाट शेवयांनाही मोकळी आहे.

त्यासाठी आधी हिशेब मांडायला हवा. समजा, एका बाईने पाच किलो शेवया केल्या. मैदा, रवा, तेल, गॅस मिळून 300 रुपये गेले. 100 रुपये किलोने विकून 500 आले. ‘दोनशे सुटले’ म्हणून ती खूश होते. पण मळणे, यंत्र फिरवणे, वाळवणे, भाजणे यांत दोन दिवसांचे मिळून बारा तास गेले असतील, तर तिला तासाला 17 रुपयेही पडले नाहीत. तिने आपल्या तासाचे 40 रुपये धरले, तर मजुरीचे 480, साहित्याचे 300 आणि पिशव्यांचे 20 मिळून 800 होतात. म्हणजे किलोला 160 रुपये. हा नफेखोरीचा भाव नव्हे. ही नुसती मजुरी आहे, नफा अजून धरलेलाच नाही. वीस रुपयांची वही घेऊन एवढे लिहिले, तरी भाव सांगताना बाईचा आवाज अडखळणार नाही.

टोपी विणणारीचे दुखणे याहून अवघड आहे. ती बहुधा ठेकेदाराकडून नगावर काम घेते. सूत त्याचे, नमुना त्याचा, भावही त्याचाच. एका टोपीला किती तास लागतात हे तिने कधी मोजलेलेच नसते, त्यामुळे ‘परवडत नाही’ म्हणायला तिच्याकडे आधार नसतो. चार-पाच जणींनी मिळून घाऊक सूत आणले आणि ईदच्या आधी माल थेट दुकानात दिला, तर मधल्या माणसाचा वाटा त्यांच्याच घरी राहील.

आता घरच्या इभ्रतीचा मुद्दा. ‘आमच्या घरची बाई विकायला बसली, असे लोक म्हणतील,’ हे वाक्य अजून ऐकू येते. त्याला धर्माचा आधार मात्र नाही. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा मक्केच्या नावाजलेल्या व्यापारी होत्या. हजरत जैनब बिन्त जहश चामडे कमावण्या-शिवण्याचे काम स्वतःच्या हाताने करीत आणि त्या कमाईतून दानधर्म करीत. स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क आहे, ही इस्लामची शिकवण आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, हीसुद्धा. जकात आणि फितऱ्याचा काटेकोर हिशेब करणाऱ्या महिन्यात शेवयांचे पैसे ‘ईदनंतर बघू’ म्हणून लांबवणे शोभत नाही.

घरच्या पदार्थाने काय उभे राहते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या सगळ्या जणींना आधीपासून येत होते ते पापड लाटणेच. फरक पडला तो एकत्र बसण्याने, हिशेबाने आणि मालाचा दर्जा एकसारखा ठेवण्याने.

आज सुरुवात करणारीला काही सोयी आहेत. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंद लागते. छोट्या घरगुती उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. 2011 च्या नियमांत तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये ठेवले होते आणि अर्ज ऑनलाइन होतो. पाकिटावर चौदा अंकी नोंदणी क्रमांक, घटक, वजन, तारीख आणि शाकाहाराची हिरवी खूण असली की ओळखदेख नसलेले गिऱ्हाईकही विश्वासाने हात पुढे करते. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला ‘यात काय घातलंय?’ असे विचारायला अवघड वाटते. पाकीट त्याला न विचारता सांगते. बचत गटात असलेल्या बायकांना महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियानाकडेही चौकशी करता येईल.

दिनदर्शिकेकडेही लक्ष हवे. चांद्र महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या रमजान थंडी सरताना येतो. पुढे तो ऐन थंडीत जाईल, आणि 2030 मध्ये तर जानेवारी आणि डिसेंबर असा दोनदा सुरू होईल. त्यानंतर काही वर्षांनी तो पावसाळ्यात शिरला की शेवया वाळवायच्या कुठे, हा प्रश्न येईल. सरबतावर भिस्त ठेवणारीने थंडीचा पदार्थ आत्ताच हाताखालून घालावा. एका महिन्याच्या कमाईवर अकरा महिने निघत नाहीत. समोशाच्या पट्ट्या लग्नसराईतही खपतात, शेवया श्रावणातही लागतात, मेहंदीला तर धर्मही नाही आणि हंगामही नाही.

मग इफ्तारच्या वेळी शेजारी जाणाऱ्या ताटाचे काय? ते जायलाच हवे, आणि दिवाळीत फराळाचे ताट परत यायलाच हवे. त्याला भाव नाही आणि नसावा. पण वाटणे वेगळे आणि विकणे वेगळे. दोन किलोची ऑर्डर ताटाच्या नात्यात बसवली की नात्यालाही तडा जातो आणि धंद्यालाही.

म्हणून यंदा शेवया सांगायच्या असतील, तर आठवडाभर आधी सांगाव्यात, भाव विचारावा आणि पाकीट हातात घेतानाच पैसे द्यावेत. त्या पैशांत कुणाच्या तरी मुलीची परीक्षेची फी असते.