कबरीची जागा आणि सहिष्णुतेची कसोटी

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेला दहशतवादी हल्ला २९ तारखेच्या सकाळी संपला, तेव्हा १६६ माणसांनी प्राण गमावले होते. दहा हल्लेखोरांपैकी नऊ ठार झाले होते आणि त्यांची प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात येऊन पडली होती. त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न प्रशासनाला पडण्यापूर्वीच त्याचे एक उत्तर शहरातून आले. मरीन लाइन्स येथील बडा कब्रस्तान ज्यांच्या अखत्यारीत आहे, त्या जामा मशिदीच्या विश्वस्तांनी या नऊ जणांना आपल्या भूमीत जागा देण्यास स्वच्छ नकार दिला. अन्य मुस्लिम संघटनांनीही देशातील कोणत्याच कब्रस्तानाने ही प्रेते स्वीकारू नयेत, असे आवाहन केले. ९ डिसेंबरला आलेल्या बकरी ईदच्या दिवशी शहरातील अनेक मुस्लिमांनी काळ्या फिती लावून नमाज पठण केले. पाकिस्ताननेही प्रेतांची जबाबदारी घेतली नाही. अखेर वर्षभराहून अधिक काळ ती शवागारात राहिली आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने अज्ञात स्थळी गुपचूप त्यांचे दफन उरकले. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ही गोष्ट एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितली, तेव्हाच ती जगाला कळली.

या घटनेला आता बराच काळ लोटला आहे. तथापि इस्लाम, दहशतवाद आणि धार्मिक सहिष्णुता यांविषयी आजही जी चर्चा होते, तिच्यात या नकाराचा जेवढा विचार व्हायला हवा तेवढा होत नाही. ‘मुस्लिम समाज दहशतवादाचा निषेध का करीत नाही,’ असा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारला जातो. वस्तुस्थिती अशी, की निषेधाची कमतरता कधीच नव्हती. मुंबईवरील हल्ल्याच्या नऊ महिने आधी, २५ फेब्रुवारी २००८ रोजी, देवबंदच्या दारुल उलूमने देशभरातील उलेमांची परिषद भरवून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षी ३१ मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्याला फतव्याचे रूप देण्यात आले आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात हैदराबाद येथील जमियत उलेमा-ए-हिंदच्या अधिवेशनात सुमारे सहा हजार उलेमांनी त्यास मान्यता दिली. प्रश्न निषेध झाला की नाही हा नसून, त्या निषेधाला वजन कशाने येते हा आहे.

फतवा हे मत असते. ते देणाऱ्याला त्यासाठी फारसे काही गमवावे लागत नाही आणि ज्याच्याविरुद्ध ते दिले जाते त्याच्यावर त्याचे बंधनही नसते. कब्रस्तानाच्या विश्वस्तांचा नकार हा याहून वेगळ्या जातीचा होता. दफनभूमी ही समाजाच्या हातातील प्रत्यक्ष सत्ता आहे आणि या सत्तेचा वापर करताना त्यांनी धर्माने सांगितलेले एक कर्तव्य बाजूला ठेवले होते. इस्लामी धर्मशास्त्रात मृताला स्नान घालणे, कफन देणे, जनाज्याची नमाज पढणे आणि दफन करणे हे सामूहिक कर्तव्य मानले आहे. समाजातील काहींनी ते पार पाडले की सर्वांची सुटका होते, पण कोणीच ते केले नाही तर सारेच दोषी ठरतात. असे कर्तव्य नाकारणे ही साधी गोष्ट नव्हे. मरणाने वैर संपते ही धारणा महाराष्ट्रालाही परकी नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. तरीही मुंबईच्या विश्वस्तांनी नकार दिला, कारण हल्लेखोरांनी ‘शहादत’ या शब्दावर दावा सांगितला होता. आत्मघातकी हल्ल्यासाठी तरुणांना तयार करणाऱ्या संघटना त्यांना मृत्यूनंतरच्या सन्मानाचेच आमिष दाखवतात. तो सन्मान देण्याघेण्याचा अधिकार संघटनेचा नसून समाजाचा आहे, हे मुंबईने दाखवून दिले.

या नकाराला धर्मपरंपरेतही काहीसा आधार सापडतो. आत्महत्या केलेल्या एका व्यक्तीच्या जनाज्याची नमाज पढवण्यास प्रेषित मुहम्मद यांनी स्वतः नकार दिला होता, असे हदीस सांगते. तथापि बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांच्या मते इतरांना ती पढण्याची मुभा असते. म्हणजे समाजातील प्रतिष्ठितांनी दूर राहून नापसंती व्यक्त करावी, परंतु मृताला धर्माबाहेर काढू नये, असा तो मध्यममार्ग आहे. युरोपातील मुस्लिमांनी पुढे जवळपास हाच मार्ग अवलंबिला. फ्रान्समधील सेंट एतिएन द्यू रूव्हरे येथे २६ जुलै २०१६ रोजी फादर जाक आमेल या वृद्ध धर्मगुरूंची चर्चमध्येच हत्या झाली, तेव्हा त्या गावच्या मुस्लिम नेत्यांनी हल्लेखोराच्या दफनविधीत सहभागी होण्यास नकार दिला आणि पुढच्या रविवारी फ्रान्सभर मुस्लिम नागरिक चर्चमधील प्रार्थनेला जाऊन बसले. जून २०१७ मध्ये लंडन ब्रिजवरील हल्ल्यानंतर ब्रिटनमधील १३० हून अधिक इमामांनी हल्लेखोरांच्या जनाज्याची नमाज पढवणार नाही, असे एकत्रितपणे जाहीर केले.

इथवरचे चित्र आश्वासक आहे. परंतु याच हत्याराला दुसरीही धार आहे आणि ती दिसते शेजारच्या पाकिस्तानात. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांनी ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बिबी या ख्रिस्ती स्त्रीची बाजू घेतली आणि ईशनिंदेच्या कायद्यावर टीका केली. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने, मुमताज कादरी याने, इस्लामाबादेत त्यांना गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर बरेलवी पंथाच्या पाचशेहून अधिक उलेमांनी तासीर यांच्या जनाज्याच्या नमाजला कोणी जाऊ नये, असा इशारा दिला. लाहोरातील नामवंत इमामांनी ती पढवण्यास नकार दिला आणि अखेर तासीर यांच्या पक्षाशी संबंधित एका मौलवीने ते कर्तव्य पार पाडले. मारेकरी न्यायालयात आला तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. त्याला २९ फेब्रुवारी २०१६ रोजी फाशी झाली; दुसऱ्या दिवशी रावळपिंडीत त्याच्या अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला आणि इस्लामाबादजवळ बारा कहू येथे त्याची कबर दर्गा म्हणून उभी राहिली. मुंबईत मारेकऱ्याला जागा नाकारली गेली होती. येथे सहिष्णुतेचा पुरस्कार करणाऱ्याची नमाज नाकारली गेली आणि मारेकऱ्याची कबर पूजनीय ठरली.

विशेष म्हणजे हे उलेमा दहशतवादाचे समर्थक नव्हते. बरेलवी पंथ हा सूफी परंपरा आणि दर्गे मानणारा. तालिबानने त्यालाच लक्ष्य केले होते. आत्मघातकी हल्ले हराम असल्याचे जाहीर करणारे लाहोरचे बरेलवी विद्वान सरफराज नईमी यांची जून २००९ मध्ये आत्मघातकी हल्ल्यातच हत्या झाली. जुलै २०१० मध्ये लाहोरच्या दाता दरबार या दर्ग्यात स्फोट झाले. ज्या पंथाने दहशतवादाचे घाव सोसले आणि त्याचा धिक्कारही केला, त्याच पंथातील अनेकांनी अवघ्या काही महिन्यांनी एका हत्येचे समर्थन केले. जानेवारी २०१८ मध्ये ‘पैगाम-ए-पाकिस्तान’ या जाहीरनाम्याद्वारे १८०० हून अधिक उलेमांनी आत्मघातकी हल्ले निषिद्ध ठरवले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसिया बिबीची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा मात्र जमावांनी रस्ते अडवून मोठी शहरे तीन दिवस ठप्प केली.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो सुखद नाही. हिंसक अतिरेकाचा निषेध आणि धार्मिक सहिष्णुता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही. बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्याचा धिक्कार करणे तुलनेने सोपे असते, कारण त्या बॉम्बने मरणारे बहुधा आपलेच लोक असतात. आपल्या श्रद्धेला न पटणारे बोलणाऱ्याचा, वेगळे मानणाऱ्याचा, धर्मातच राहून प्रश्न विचारणाऱ्याचा जगण्याचा हक्क मान्य करणे हे कितीतरी कठीण. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९७९ साली मिळवणारे अब्दुस सलाम अहमदिया पंथाचे होते. पाकिस्तानने १९७४ साली घटनादुरुस्ती करून या पंथाला मुस्लिमेतर ठरवले. सलाम १९९६ साली निवर्तले आणि रबवा येथे त्यांचे दफन झाले, त्यानंतर त्यांच्या कबरीवरील लेखातला ‘मुस्लिम’ हा शब्द प्रशासनाच्या आदेशाने पुसण्यात आला. या कृत्यात कोणाचा प्राण गेला नाही, म्हणून त्याची गणना दहशतवादात होत नाही. पण माणसाच्या श्रद्धेचा निवाडा दुसऱ्याने करायचा, हे ज्या समाजाने एकदा मान्य केले, तेथे त्या निवाड्याची अंमलबजावणी करणारा बंदूकधारी निपजण्यास वेळ लागत नाही.

इस्लामच्या इतिहासात हा धोका फार पूर्वी ओळखला गेला होता. सातव्या शतकातील खवारिजांनी आपल्याशी मतभेद असणाऱ्या मुस्लिमांना काफिर ठरवून त्यांची हत्या वैध मानली आणि चौथे खलिफा हजरत अली यांचा ६६१ साली त्यांच्यापैकीच एकाने बळी घेतला. परंपरा सांगते, की खुद्द अलींनी मात्र त्यांना काफिर म्हणण्याचे नाकारले होते. जुलै २००५ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे जगभरातील मुस्लिम विद्वानांनी मान्यताप्राप्त आठ पंथांच्या अनुयायांना कोणी धर्मबाह्य ठरवू नये, असा ठराव केला, त्यामागेही हाच अनुभव होता. या दृष्टीने पाहता मुंबईतील नकाराबरोबर काही संघटनांनी जो ‘हे मुस्लिमच नव्हेत’ असा युक्तिवाद केला, तो भावनेच्या पातळीवर समजण्याजोगा असला तरी तत्त्वाच्या पातळीवर निसरडा होता. गुन्हेगाराला गुन्हेगार ठरवण्यास त्याचा धर्म काढून घेण्याची गरज नसते. विश्वस्तांच्या नकाराचे नैतिक बळ हल्लेखोरांच्या कृत्यावर दिलेल्या निर्णयात होते, त्यांच्या श्रद्धेच्या निवाड्यात नव्हे.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती महाराष्ट्राला विसरता येणार नाही. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, तेथील बडा कब्रस्तानाच्या परिसरातच स्फोट झाले. त्या प्रकरणात अटक झालेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ साली विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. तोवर त्यांच्या उमेदीची कित्येक वर्षे तुरुंगात गेली होती. मुंबईतील नऊ जण लढताना मारले गेले होते, त्यामुळे त्यांच्याविषयी शंका नव्हती. पण संशयित म्हणजेच दहशतवादी असे समीकरण मांडून समाजाने बहिष्काराचे शस्त्र उचलावे, अशी अपेक्षा कोणी करू लागला तर तो अन्याय ठरेल. देवबंदच्या परिषदेने दहशतवादाच्या धिक्काराबरोबरच निरपराध तरुणांच्या छळाबद्दल तक्रार नोंदवली होती, ती केवळ पळवाट नव्हती. राज्ययंत्रणेने न्याय्य वागावे आणि समाजाने निःसंदिग्ध बोलावे, ही परस्परांना पूरक कर्तव्ये आहेत.

महाराष्ट्राने या प्रश्नाचा अधिक कठीण भागही पाहिला आहे. हमीद दलवाई यांनी १९६६ साली तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांना आयुष्यभर विरोध सोसावा लागला. ३ मे १९७७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या इच्छेनुसार दफन न करता त्यांच्यावर अग्निसंस्कार करण्यात आले. त्यांची मते पटोत वा न पटोत, असा माणूस समाजात राहून, बोलून, वाद घालून जगू शकला पाहिजे, हे मान्य करणे म्हणजे सहिष्णुता. हल्लेखोराला कबर नाकारण्याहून ही कसोटी अवघड आहे. आणि ती केवळ मुस्लिमांनाच लागू होते असेही नाही; विवेकवाद्यांच्या हत्या पाहिलेल्या महाराष्ट्रात तरी तसा दावा कोणी करू नये.

प्रेषितांच्या समोरून एका यहुद्याची अंत्ययात्रा गेली तेव्हा ते आदराने उठून उभे राहिले आणि सोबत्यांनी आश्चर्य व्यक्त करताच, तोही एक जीवच होता याची त्यांनी आठवण करून दिली, अशी कथा हदीसमध्ये येते. धर्म वेगळा असलेल्या माणसाच्या मृत्यूपुढे उभे राहणे आणि आपल्या धर्माचे नाव घेऊन खून करणाऱ्याच्या मृत्यूला सन्मान नाकारणे, यांत विसंगती नाही. दोहोंच्या मुळाशी मनुष्यप्राणाचे मोल आहे. मुंबईच्या विश्वस्तांनी २००८ साली त्यातील दुसरी गोष्ट करून दाखवली. पहिली गोष्ट मात्र एका निर्णयाने साधत नाही. ती मदरशांच्या वर्गांत, शुक्रवारच्या खुतब्यांत, कायद्यांच्या पुस्तकांत आणि शेजाऱ्यांच्या व्यवहारात रोज करावी लागते, आणि दहशतवादाची खरी कोंडी तेथेच होणार आहे.