गोदामातील शेगडी आता विझवावी

आमच्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीची थंडी पडू लागली की तेलाच्या व्यापाऱ्यापुढे एक जुनीच अडचण नव्याने उभी राहते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते. पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरला म्हणजे पिंपात तेल नसून पांढरा दगडच भरला आहे असे वाटावे. गिऱ्हाईक दारात उभे आणि माल पिंपातून निघत नाही! अशा वेळी वाडवडिलांपासून चालत आलेला उपाय एकच, तो म्हणजे पिंपाखाली शेगडी. प्रस्तुत लेखकाची हयात धान्याच्या घाऊक व्यापारात आणि त्याच्या जोडीच्या तेलाच्या व्यवहारात गेली. त्यामुळे पुढील चार शब्द अनुभवाचे आहेत, विद्वत्तेचे नाहीत.

१९९४ सालच्या डिसेंबरात घाई मीच केली. आमच्या जुन्या हमालाला सांगून पिंपाखाली कोळशाची शेगडी ठेवविली. तळचे तेल वितळून तापले, वरचा थर मात्र थिजलेलाच राहिला. फुगलेल्या तेलाला वाट मिळेना. अखेर ते वरचा थर फोडून तोंडातून उसळले आणि शेगडीवर पडले. भडका उडाला, शेजारची बारदाने पेटली. हमालाने पोती ओढून काढली म्हणून गोदाम वाचले. परंतु त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. उरलेले तेल जळकट वासामुळे साबणवाल्यास पडत्या भावाने द्यावे लागले. ती खोट त्याच वर्षी भरून निघाली. त्या हाताची बोटे मात्र पुढे कधी पुरती मिटली नाहीत. ही नुकसानी कोणत्या खाती मांडावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

गेली काही वर्षे मी शेगडीऐवजी सिलिकोन रबराचा विजेचा पट्टा वापरीत आहे. बाजारात त्यास ड्रम हीटर म्हणतात. काचतंतूंच्या विणीने बळकट केलेल्या सिलिकोन रबराच्या दोन पातळ थरांत निक्रोमची बारीक तार नागमोडी बसविलेली असते. हा पट्टा कमरपट्ट्यासारखा पिंपाभोवती गुंडाळून स्प्रिंगने आवळावयाचा. साधे रबर अशा उष्णतेत फार काळ टिकत नाही. सिलिकोन रबर सुमारे २०० अंशांपर्यंत टिकते आणि तरीही लवचीक राहते. म्हणूनच पट्टा पत्र्याला सर्व बाजूंनी चिकटून बसतो आणि उष्णता एका जागी न साठता सारखी पसरते. ही काही कालची नवलाई नव्हे. निकेल-क्रोमच्या तारेचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले, आणि सिलिकोन रबर १९४० नंतरच्या दशकात कारखान्यांत आले. उशीर झाला तो आपल्या गोदामांपर्यंत पोहोचावयास.

खर्चाचा आक्षेप व्यापाऱ्याने घ्यावा हे योग्यच. म्हणून हिशेबच मांडतो. २०० लिटरच्या पिंपात सुमारे १८० किलो खोबरेल मावते. ते १५ अंशांपासून ४० अंशांपर्यंत आणून पुरते वितळविण्यास सुमारे ८ युनिट वीज लागते. हवेत जाणारी उष्णता धरून १० म्हणा. एक किलोवॅटचा पट्टा रात्री लावला तर सकाळी दुकान उघडताना तेल तयार असते. आपल्या बिलावरील दराने १० युनिटांना गुणावे आणि दुसऱ्या बाजूस एका पिंपाचे जळके तेल मांडावे. जमाखर्च आपोआप बोलेल.

मात्र स्वस्तावर भुलू नये. थर्मोस्टॅट नसलेला पट्टा म्हणजे लगाम नसलेला घोडा. खोबरेलासाठी ५० अंशांची खूण पुरेशी आहे. पट्टा स्वतःवर दुमडू नये, नाहीतर तेथे तो जळतो. तेलाची पातळी पट्ट्याच्या खाली गेली की वीज बंद करावी. पिंपाचे बूच आधी सैल करावे. माझ्या चुकीतून शिकावे. पत्र्याच्या पिंपाचा पट्टा प्लास्टिकच्या पिंपास लावू नये. पिंपास अर्थिंग हवे, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विचही हवा. ज्यांना हे जमत नसेल, त्यांनी लहान डबे गरम पाण्यात ठेवावेत. तो जुना मार्ग शेगडीपेक्षा शतपटीने बरा.

वीज सचित्त की अचित्त, हा विषय मुनिजनांचा. त्यात मी पडत नाही. परंतु उघड्या निखाऱ्यावर झेपावणारे कीटक आणि त्याशेजारी वाकलेला हमाल हे दोन्ही मी डोळ्यांनी पाहिले आहेत. यत्नाचार केवळ पाणी गाळण्यापुरता नसतो. गोदामातही तो पाळावा लागतो.

म्हणून संघाच्या कार्यकारिणीस माझी नम्र सूचना आहे. संघाने असे चार पट्टे खरेदी करून कार्यालयात ठेवावेत आणि लहान दुकानदारांस नाममात्र भाड्याने द्यावेत. त्याचबरोबर कोणत्याही सभासदाच्या गोदामात शेगडी पेटणार नाही, असा ठराव येत्या वार्षिक सभेत करावा. ठरावास अनुमोदक मिळाला नाही, तर सूचक म्हणून माझे एकट्याचे नाव इतिवृत्तात लिहून ठेवावे. त्या हमालाचे एवढे देणे तरी माझ्याकडून फिटावे.